बुडबुड्यात असतं काय?

पातेल्यात पाणी खळखळ उकळतंय. तळातून वर येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत काय असतं?
(अ) हवा (आ) पाण्याची वाफ (इ) हायड्रोजन आणि ऑक्सिजन (ई) नुसती उष्णता

इथे आकडेमोड नाही आणि पाठांतरही कामाला येत नाही. हा झाला संकल्पना-प्रश्न.

■ उगम : हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये असे प्रश्न विचारून मुलांना आपसात चर्चा करायला लावण्याची पद्धत वर्गात आणली. पुढे विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असे प्रश्न रचले.

■ वर्गातला क्रम : आधी प्रत्येकाने गुपचूप विचार करून उत्तर नोंदवायचं, हाताची बोटं, रंगीत कार्डं किंवा क्लिकर (बटण दाबून उत्तर देण्याचं उपकरण), काहीही चालतं. मग वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला दोन-तीन मिनिटांत आपलं म्हणणं पटवायचं. त्यानंतर पुन्हा मत द्यायचं. शिक्षकांचं स्पष्टीकरण सगळ्यात शेवटी.

■ चर्चा केव्हा रंगते? पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर. त्याहून कमी आली तर मुद्दा पुन्हा शिकवावा. जास्त आली तर पुढे सरकावं.

■ समजवायला शेजारीच का? त्याला ती गोष्ट नुकतीच उमगलेली असते. अडतं कुठे, हे तो विसरलेला नसतो.

■ उत्तर : (आ). पाणी तापू लागताच भांड्याला चिकटणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. उकळतानाचे मोठे वाफेचे. उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, पण रेणूच्या आतले बंध शाबूत राहतात. (इ) म्हणणाऱ्याची गल्लत नेमकी इथेच होते.