मोजण्याची वेळ

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर साताऱ्याची, सांगलीची, सोलापूरची गाडी पुकारणारे आवाज एकमेकांत मिसळतात. तरी आपली गाडी आपल्याला बरोबर ऐकू येते. रेडिओच्या अँटेनावरही सगळी केंद्रे अशीच एकदम येऊन थडकतात. पूर्वी काटा फिरवून आपण त्यातले एक निवडायचो. माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. तो सगळी केंद्रे एकदम संगणकात घेणारा रेडिओ बनवतो आहे. यात नवल नाही; नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ३० अँटेनांचे संकेत हाताळणारी सॉफ्टवेअर यंत्रणा २०१० च्या सुमारास उभी राहिली.

यात लहरीची उंची सेकंदाला ठरावीक वेळा मोजायची असते. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. वरच्या टोकाच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला २१ कोटी ६० लाख वेळा मोजावे लागेल, असे मी म्हणालो. भाचा हसला.

"मामा, पट्ट्याची रुंदी फक्त २० आहे. बाकीचे आधी गाळून टाकले, तर ४ कोटी ३५ लाखांत भागते."

विरळ मोजले की वरची लहर खालच्या लहरीचे सोंग घेते. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते ना, तसेच हे. या मापात प्रत्येक केंद्र बरोबर ८७ ने खाली उतरते. विविध भारतीचे १०१ येते १४ वर. पण माप ४ कोटी धरले, तर ९८.३ आणि १०१.७ दोन्ही १८.३ वरच येऊन बसतात. मग ती कुणालाच वेगळी करता येत नाहीत.

मला बँकेतले दिवस आठवले. रोख मी रोज संध्याकाळी मोजायचो. एक सहकारी सकाळी रक्कम उचलायचा आणि संध्याकाळच्या आत परत ठेवायचा. माझ्या वहीत सारे सपाट, आणि खाली सही माझी! एकदा सहज दुपारीच मोजायला बसलो, तेव्हा उलगडा झाला. त्याची नोकरी गेली. माझी झोप बरेच दिवस गेली.

सोंग दोन्हीकडे तेच. भाच्याला मात्र कोण कुठून येणार हे आधी ठाऊक असते, म्हणून तो त्याच सोंगाला कामाला लावतो. मी कधी मोजायचे ते ठरवले होते. काय निसटू शकेल, हे स्वतःला विचारलेच नव्हते.