बुडेल ते पेरा, तरंगेल ते काढा



मृग जवळ आला की भाताच्या बियाण्याची कणगी उघडते. घरचे बी सुपात घेऊन पाखडले की ते निवडले, असे आपण समजतो. पण रोप वर येते तेव्हा कुठे दाट, कुठे विरळ. एक जोमदार, तर शेजारचे पिवळे. आपण दोष पावसाला देतो. पुष्कळदा तो बियाण्यात असतो. सुपातून फोल उडते, पण अर्धवट भरलेला दाणा चांगल्या दाण्यांतच राहतो. बाहेरून दोन्ही सारखेच. तो ओळखण्याचे काम पाणी करते.

कसे ते पाहा. लाकडाचा भला मोठा ओंडका नदीत तरंगतो आणि एवढीशी सुई बुडते. म्हणजे नुसत्या वजनावर काही ठरत नाही. वस्तू जेवढी जागा व्यापते, तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पाण्यापेक्षा ती जड असली तर बुडते, हलकी असली तर तरंगते. ठरावीक जागेत मावणाऱ्या या वजनालाच शास्त्रात घनता म्हणतात. रिकामी कळशी विहिरीत तरंगते; पाण्याने भरली की तळ गाठते. कळशीचे तांबे तेच असते, फक्त पोटातली हवा गेलेली असते.

दाण्याचेही तसेच आहे. आत तांदूळ भरला असेल तर दाणा जड, पोकळी राहिली तर हलका. अगदी पोचट दाणा साध्या पाण्यावरही तरंगतो. अर्धवट भरलेला मात्र पाण्याहून जरासा जड असला की बुडतो आणि आपल्याला फसवतो. म्हणून पाणीच थोडे जड करायचे. साधे १ लिटर पाणी १ किलो भरते. ३ टक्के मिठाचे तेवढेच पाणी सुमारे २० ग्रॅमने जास्त भरते. एवढ्या फरकानेही पुष्कळसे फसवे दाणे वर येतात.

कृती सोपी आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्यात थोडे थोडे बी सोडून हाताने चांगले ढवळा. टरफलाला हवेचे बुडबुडे चिकटले तर चांगला दाणाही तरंगतो. पाणी स्थिर झाले की वरचे बी चाळणीने काढून टाका. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवा, कारण मीठ राहिले तर उगवण बिघडते. मग सावलीत वाळवा आणि त्यानंतरच बुरशीनाशक लावा. पिशवीतले बी आधीच औषध लावलेले असेल, तर ते या पाण्यात घालू नका.

बाजरीलाही हाच उपाय आहे. अरगट रोगाच्या काळ्या गाठी माणसाला व जनावरांना विषारी असतात. त्या काढण्यासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घ्यावे. वर आलेल्या गाठी जाळून टाकाव्यात आणि तळाचे बी वरीलप्रमाणेच धुऊन वाळवावे.

घमेलेभर बी वर तरंगलेले पाहून जीव हळहळेल. पण हेच बी वाफ्यात गेले असते तर त्याने जागा, खत आणि तुमचे कष्ट खाल्ले असते, आणि ते कळेपर्यंत पेरणीची वेळ निघून गेली असती. त्यापेक्षा आज घमेल्यातच कळलेले बरे.