गाईच्या खुराकातील वनौषधी : किती विश्वास ठेवावा?





आमच्या शाळेतील काही मुलांच्या घरी गाई आहेत. कोणी इंदूरच्या आसपासच्या गावांतून येतात, कोणाचे आजोबा अजून दूध वाटतात. मागे आठवीच्या एका मुलाने वर्गात विचारले, "सर, दूध वाढवणारी जडीबुटीची पुडी खरी असते का?" त्याच्या वडिलांनी गाय व्याल्यावर अशी पुडी सुरू केली. दूध वाढत गेले. तिसऱ्या महिन्यात ते उतरू लागले, तेव्हा त्यांनी उधारीवर दुप्पट पुड्या आणल्या. दूध काही चढले नाही. त्या मुलाला आम्ही वर्गात जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की व्याल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवडे गाईचे दूध आपोआप वाढते आणि मग हळूहळू कमी होत जाते. हा निसर्गाचाच क्रम आहे. म्हणजे त्या घरी वाढीचे श्रेय पुडीला मिळाले आणि उतरतीचा दोष गाईला, पण दोन्ही चूक.

मग वनौषधी खोट्या का? तसेही नाही. बाळंत गाईला मेथी, सुंठ, ओवा आणि गूळ देण्याची रीत मराठी घरांत आहे, तशी माळव्यातही आहे. शतावरीची मुळे आणि जीवंती (गुजरातेत तिला डोडी म्हणतात) दूध येण्यासाठी पूर्वापार वापरतात. आजच्या बहुतेक पुड्यांत याच वनस्पती असतात. शतावरीवर पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी प्रयोगही केले आहेत. काहींत दूध वाढले, काहींत विशेष फरक पडला नाही.

हे कसे घडते ते समजून घेऊ. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात व चारा आंबवून पचवतात. सुंठ, ओवा, लसूण यांतील तेले आणि काही पाल्यांतील तुरट द्रव्ये या जीवांवर परिणाम करतात. प्रमाण योग्य असेल तर पचनाला मदत होते. प्रमाण जास्त झाले तर हेच उपयोगी जीव मरतात आणि गाय खाणे सोडते. लसूण जास्त झाला तर दुधालाही वास येतो.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हा समजही सोडावा. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, घाणेरीच्या पाल्याने यकृत बिघडते. या दोन्ही वनस्पतीच आहेत.

आता हिशेब पाहू. दूध मुख्यतः चारा, दाणा आणि पाणी यांतून बनते. दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. गाईला अंगपोषणासाठी 1 ते 1.5 किलो दाणा आणि दर 2.5 लिटर दुधामागे आणखी 1 किलो, असा साधारण नियम आहे. 10 लिटर देणाऱ्या गाईला म्हणजे रोज सुमारे 5 ते 5.5 किलो दाणा हवा. शिवाय हिरवा व सुका चारा, खनिज मिश्रण आणि भरपूर स्वच्छ पाणी हवेच. हे नसेल तर पुडी काय करणार? दूध अचानक उतरले तर आधी जंत, ताप आणि कासेची सूज पाहावी. त्यासाठी पशुवैद्यच लागतो.

वनौषधींकडे जगाचे लक्ष का गेले, तेही सांगतो. जनावरांची वाढ व्हावी म्हणून चाऱ्यात अँटिबायोटिक घालण्यावर युरोपीय संघाने 2006 मध्ये बंदी घातली. तेव्हापासून दुसऱ्या उपायांचा शोध वाढला. अँटिबायोटिकचा अंश दुधात उतरतो. अशा दुधाचे दही नीट लागत नाही, आणि ते पिणाऱ्या मुलांनाही अपाय होऊ शकतो. म्हणून गाईला औषध दिले असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ते दूध विकू नये, घरीही वापरू नये. नुकसान होते हे आम्हाला माहीत आहे, तरी ही विनंती आहे.

पुडी द्यायचीच असेल तर पशुवैद्याला विचारून द्यावी. चारा-दाणा न बदलता महिनाभर सकाळ-संध्याकाळचे दूध मापून वहीत लिहावे, आणि गाय किती दिवसांची व्यालेली आहे तेही लिहावे. शक्य असेल तर त्याच सुमारास व्यालेली दुसरी गाय पुडीशिवाय ठेवावी आणि दोघींचे आकडे ताडून पाहावेत. पुडीचा खर्च वाढलेल्या दुधातून निघाला, तरच ती चालू ठेवावी.

त्या आठवीच्या मुलाने अशी वही सुरू केली आहे. ज्यांच्या घरी गाई आहेत त्या सर्व मुलांनी ती करावी आणि विज्ञानाच्या तासाला आणावी. विज्ञान असेच शिकायचे असते आणि घरचा पैसाही वाचतो.