रक्तक्षय, उपाहारगृह आणि कामाचा उरक

रुग्णांच्या नावे आलेल्या देणगीतून कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहासाठी तरतूद कशासाठी, असा प्रश्न काही दात्यांनी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या अहवालातच देणे आम्हांस उचित वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आमच्या परिचारिका, आया, सफाई कामगार भगिनी याच समाजातून येतात. हिमोग्लोबिन घटले की स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो. अशी स्त्री स्वतःस आजारी समजत नाही. ती केवळ लवकर दमते. रात्रपाळीच्या अखेरीस औषधाची मात्रा मोजणारा हात थकलेला असेल, तर त्याची झळ रुग्णासच पोहोचते.

हा केवळ तर्क नव्हे. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील एक अभ्यास 1979 साली प्रसिद्ध झाला. लोह दिल्यानंतर ज्या मजूर स्त्रियांचे हिमोग्लोबिन वाढले, त्यांनी चहाची पाने अधिक खुडली, असे त्यात दिसून आले. त्याच वर्षी इंडोनेशियातील रबर मळ्यांवरील कामगारांविषयीही असाच निष्कर्ष पुढे आला. योगायोग असा, की जेवणासोबत घेतलेला चहाच अन्नातील लोहाचे शोषण रोखतो!

त्यामुळे आमच्या मते पहिली सुधारणा बिनखर्चाची आहे: चहाची वेळ जेवणापासून तासभर दूर नेणे. ताटात लिंबाची फोड, पेरू वा आवळा असल्यास क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी आणि कडधान्यांतील लोह अधिक अंगी लागते. बाळंतिणीपुरता राखून ठेवलेला अळिवाचा लाडू रात्रपाळीच्या डब्यात का नसावा? लोहाच्या गोळ्या मात्र सरसकट वाटू नयेत. विदर्भात व आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. आधी रक्ततपासणी आणि मगच वैद्यकीय सल्ल्याने गोळी, हाच क्रम योग्य.

आमच्या दात्यांपैकी अनेकजण कारखानदार आहेत, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद होती. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा शंभर कामगारांवर आणली. त्याहून लहान कारखान्यांत कायदा पोहोचत नाही, पण डबा गरम करण्याची सोय, बसून जेवण्यास जागा आणि घाई न होईल एवढी सुट्टी देता येते. स्वच्छतागृहाचाही विचार व्हावा. ते दूर वा अस्वच्छ असेल तर स्त्रिया पाळीभर पाणी पिणेच टाळतात आणि पुढे मूत्रमार्गाच्या संसर्गाची तक्रार घेऊन आमच्याच बाह्यरुग्ण विभागात येतात.