परमुलखाची भाषा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला माझा एक जुना विद्यार्थी निरोप घेण्यास शाळेत आला. बरोबर त्याची आई होती. डिचोली तालुक्यातील आमच्या मराठी प्राथमिक शाळेत चार वर्षे माझ्यासमोर बसलेला हा मुलगा आता पाद्री झाला आहे, आणि त्याच्या वरिष्ठांनी त्याला मिशनरी म्हणून टांझानियास पाठविण्याचे ठरविले होते. वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला आहे. तो देश कोठे, असे आईने विचारले. मी पट्टीचे टोक आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठेवले. मग आपला गोवा कोठे, तेही तिने पाहून घेतले. दोहोंमधला निळा समुद्र वीतभरसुद्धा नव्हता. ती म्हणाली, "मास्तर, समुद्राचे मला भय नाही. ह्याचा बाप वीस वर्षे बोटीवर होता. पण तिथे ह्याचे बोलणे कोणाला कळणार?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्यांविषयी बोलताना आपण बहुधा वादळांच्या, जंगलांच्या आणि रोगराईच्या गोष्टी सांगतो. त्या बाईने मात्र खऱ्या अडचणीवर नेमके बोट ठेवले होते. त्या दिवशी न दिलेले उत्तर आज श्रोत्यांसमोर जुळवून पाहतो.

श्रोतेहो, ‘मिशनरी’ हा शब्द गोव्यात निर्वेधपणे उच्चारता येत नाही, हे मी एक ख्रिस्ती शिक्षक म्हणून आरंभीच मान्य करतो. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी ह्या तीन महालांत सोळाव्या शतकात धर्म आला तो राजसत्तेच्या सोबतीने. देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले ते १८१२ पर्यंत राहिले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे लिंग भक्तांनी नदीपार नेले आणि ते आमच्या डिचोली महालातील नार्वे गावी स्थिरावले. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करविला, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा डिचोली पोर्तुगिजांची नव्हती. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल त्यांच्या हाती लागले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत. म्हणजे ज्या नदीवर आज फेरीबोट चालते, तिच्या अलीकडचा काठ त्या काळी परमुलूख होता.

ह्याच परमुलखात दिवाडीचाच एक गोमंतकीय पाद्री मिशनरी होऊन आला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला माहीत नसते. त्याचे नाव मातेउश द काश्त्रू. जन्माने ब्राह्मण कुळातील म्हणून गोव्याच्या आर्चबिशपाने त्याला दीक्षा नाकारली. हा गृहस्थ १६२५ मध्ये रोमला पोहोचला, तेथे शिकला, पाद्री झाला, आणि १६३७ मध्ये त्याच रोममध्ये बिशपपदी चढला. गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्याचे अधिकारपत्र मानले नाही. तेव्हा त्याने आदिलशाही मुलखात, डिचोलीत, आपले ठाणे केले. माणूस तापट होता. पोर्तुगिजांशी त्याचे भांडण इतके विकोपास गेले की डचांना आणि आदिलशहाला त्यांच्यावर चिथावल्याचा आरोप त्याच्यावर आला. त्याला साधुपुरुष म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण घरच्या माणसांनी दार लावले, आणि पलीकडच्या परधर्मी राजाच्या राज्यात ते उघडे मिळाले, एवढे त्याच्या चरित्रावरून दिसते.

त्याच्याही आधी एक मनुष्य उलट दिशेने, म्हणजे आपल्याकडे, परदेशी म्हणून आला होता. इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. साष्टीत राहून तो कोकणी आणि मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले: सुमारे अकरा हजार ओव्यांचे, मराठीत. मी ते वर्गात सांगतो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही. इंग्रजाने मराठी ओवी रचावी, ह्यापेक्षा त्याच्या मागे राजसत्ता असताना त्याला ती रचण्याची गरज का वाटली, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. हुकमाने माणूस इगर्जीत आणता येतो. त्याला गोष्ट ऐकावीशी वाटण्यासाठी त्याच्या आजीची भाषाच लागते. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषा बंद करण्याचे फर्मान काढले. तरी हे पुराण घरोघरी हस्तलिखितांतून टिकले.

पण माझ्या विद्यार्थ्याच्या आईला मी ज्याची कथा सांगावयास हवी होती, तो जुझे व्हाज. बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी तो जन्मला. वडिलांचे गाव सांकवाळ. काही वर्षे कानडी मुलखात काम केल्यावर त्याच्या कानी सिलोनची हकिगत आली. १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगिजांना त्या बेटावरून हाकलले होते. डच प्रोटेस्टंट, त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली. तेथील कॅथलिक लोक वर्षानुवर्षे पाद्र्यावाचून राहिले होते. युरोपीय पाद्री तेथे गेला तर वर्णावरूनच पकडला जाई. व्हाजने हिशेब केला की गोमंतकीय मनुष्य काळा आहे, तो खपून जाईल. ज्या रंगामुळे काश्त्रूला घरी दीक्षा मिळाली नव्हती, तोच रंग परमुलखात उपयोगी पडला!

१६८७ मध्ये मजुराच्या वेषात, जुवांव नावाच्या एका सोबत्यासह, तो जाफन्यास उतरला. उतरताच हगवणीने अंथरुणास खिळला. बरा झाल्यावर गळ्यात जपमाळ उघडी ठेवून दारोदार भिक्षा मागत हिंडू लागला. जपमाळ पाहून कोणाचे डोळे चमकतात, हे तो पाही. ही युक्ती मला फार आवडते. शब्द अजून पुरते साधले नव्हते, तेव्हा एका वस्तूने ओळख मागितली. ह्या खटाटोपात तो तामिळ शिकला. जाफन्यातील डचांचा ससेमिरा वाढल्यावर पुत्तळमकडे गेला आणि तेथून १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात शिरला.

तेथील राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध. हा पोर्तुगिजांचा हेर आहे, असे राजाच्या कानावर घालण्यात आले, आणि व्हाज कैदेत पडला. कैदेत तो सिंहली भाषा शिकला. हळूहळू राजाचा संशय फिटला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि धनवान लोक शहर सोडून गेले. नातेवाईक रोग्यांना टाकून पळाले. व्हाज आणि त्याचा भाचा जुझे द कार्व्हाल्यू मागे राहिले. धर्म न विचारता त्यांनी रोग्यांना पाणी दिले, धुतले, मेलेल्यांना पुरले. राजा परतला तो बौद्धच राहिला. पण त्याने ह्या पाद्र्यांना आपल्या राज्यात निर्भयपणे हिंडण्याची मोकळीक दिली.

माझ्या मते हाच ह्या कथेचा गाभा आहे. कोणतेही आरमार पाठीशी नाही, कोणताही व्हाइसरॉय ओळखीचा नाही, शत्रू ख्रिस्ती आणि आश्रयदाता बौद्ध. अशा ठिकाणी मनुष्याजवळ भाषा आणि सेवा ह्यांवाचून तिसरे साधन उरत नाही. बिशप होण्यासाठी आलेले बोलावणे त्याने नाकारले. चोवीस वर्षांत तो एकदाही घरी परतला नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे तो वारला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबोत त्याला संतपद दिले. गोव्याचा माणूस, पण सोहळा झाला तो सिलोनमध्ये, आजच्या श्रीलंकेत. हे योग्यच झाले, असे मला वाटते.

१७०५ मध्ये त्याच्या हाताखाली गेलेला दिवाडीचाच जाकोम गोन्साल्व्हिस तर भाषेच्या बाबतीत गुरूच्याही पुढे गेला. त्याने सिंहली आणि तामिळ भाषांत इतके लिहिले, की सिंहली कॅथलिक वाङ्मयाचा जनक म्हणून तेथे त्याची ओळख आहे. स्टीफन्सने आपल्याला जे दिले, ते शंभर वर्षांनी ह्या दिवाडकराने दुसऱ्या बेटावर पोचते केले, असे म्हणावयास हरकत नाही.

आज परदेशी जाणाऱ्याला मजुराचे सोंग घ्यावे लागत नाही. पारपत्र लागते, व्हिसा लागतो आणि तेथील बिशपाच्या हाताखाली राहावे लागते. गोव्यातच १८८७ मध्ये आगोंद येथे स्थापन झालेला आणि १९३९ मध्ये पिलार येथे नव्याने उभारी घेतलेला मिशनरी संघ आहे, इतरही आहेत. शाळा, दवाखाने, खेड्यांतील कामे, सर्व काही आहे. पण पहिले वर्ष जाते ते बहुधा भाषेतच.

दिवाळीच्या सुमारास माझ्या विद्यार्थ्याचे पत्र आले. आईला तो फोन करतोच; मला मात्र त्याने कागदावर, मराठीत लिहिले होते. स्वाहिलीच्या वर्गात त्याला शिकविणारी बाई त्याच्याहून वयाने लहान आहे आणि चुकलेले वाक्य पाच वेळा लिहावयास लावते. "सर, तीन लिंगे चुकली म्हणून तुम्ही आमच्यावर रागावत होता," असे त्याने लिहिले होते, "इथे नामांचे त्याहून कितीतरी अधिक वर्ग आहेत, आणि मी सर्वच चुकवतो. रस्त्यावरची मुले मागे लागून माझ्या चुका म्हणून दाखवतात." खाली त्याने चार शब्द दिले होते: दुका, पेसा, चाय, गारी. समुद्राच्या दोन्ही काठांवर व्यापाऱ्यांनी पेरलेले शब्द. अर्थ सांगण्याची गरजच नव्हती.

पत्र घेऊन मी त्याच्या आईकडे गेलो. तिने ते दोनदा वाचून घेतले. त्या चार शब्दांपाशी मला थांबविले आणि स्वतः ते मोठ्याने म्हणून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे बाजार तरी करील." आणि आत जाऊन तिने चहा ठेवला.