बातमीतला शब्द आणि दारातला माणूस

२०२५च्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरावरची खोली रिकामी झाली. आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये राहतो. आसपास जीन्सचे कारखाने असल्यामुळे भाडेकरू शोधत फिरावे लागत नाही. तिसऱ्याच दिवशी एक शिलाई कारागीर बायको आणि दोन मुलांसह खोली बघायला आला. चपला बाहेर काढून, सलाम करून आत आला. गाव विचारले तर म्हणाला, "मालदा, पश्चिम बंगाल." आधार कार्ड, गावचे रेशन कार्ड त्याने न मागताच पुढे ठेवले.

त्या दिवसांत टीव्हीवर सारख्या 'घुसखोर' पकडल्याच्या बातम्या चालू होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, "दोन दिवसांनी सांगतो." तो काय ते समजला. कागद पिशवीत ठेवून निघून गेला, परत आला नाही. पोलिसांनी आम्हाला काही विचारले नव्हते, शेजारीही काही बोलले नव्हते. त्याची भाषा ऐकून आम्हीच घाबरलो. आपले नाव सांगताच "खोली कालच गेली" हे उत्तर आमच्या घरानेही ऐकलेले आहे. तरीही आम्ही असे वागलो.

आपले शहरही आलेल्यांचेच

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथल्या बराकींत जागा मिळाली, म्हणून आजही आपल्या पत्त्यात 'कॅम्प' आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीची पायाभरणी झाली आणि उल्हासनगर हे नाव मिळाले.

आलेल्यांचे स्वागत सगळीकडे झाले असे नाही. १९४८ मध्ये मुंबई सरकारने निर्वासितांसाठी वेगळा कायदा केला. नाव नोंदवणे सक्तीचे झाले आणि त्यांनी कुठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे गेला. 'शरणार्थी' हा शब्द अनेकांना बोचत असे. आम्ही पुरुषार्थी आहोत, असे ते म्हणत. पुढे 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद शहराला चिकटला. आज मात्र समोरच्या सिंधी दुकानदाराला कोणी निर्वासित म्हणत नाही. उधारीची वही, मुलांची शाळा, लग्नाची दावत यांतून माणसे ओळखीची झाली आणि शब्द मागे पडला.

माणसे बदलली, पद्धत तीच

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९६० मध्ये सुरू झालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकाने मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. मराठी तरुणांच्या बेकारीचा प्रश्न खरा होता. पण नुसती यादी वाचणाऱ्याला नोकऱ्या का कमी आहेत हे कळत नाही, फक्त कोणावर रागवायचे ते कळते. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, त्यामागे या लेखनाचा मोठा वाटा होता. २००८ मध्ये रोख उत्तर भारतीयांकडे वळला. रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांनाही मार खावा लागला. आता बांगला बोलणाऱ्या मजुरांची पाळी आहे.

बेकायदा आलेल्या माणसावर कायद्याने कारवाई व्हावी, यात वाद नाही. प्रश्न आहे तो संशयाचा. आतल्या मजकुरात 'संशयित' असलेला माणूस मथळ्यात 'बांगलादेशी' होऊन जातो. जून २०२५ मध्ये मीरा रोडला ताब्यात घेतलेला मुर्शिदाबादचा एक गवंडी बांगलादेशच्या हद्दीत ढकलला गेला. तो भारतीय असल्याचे कागद पुढे आले, तेव्हा त्याला परत आणावे लागले. पकडल्याची बातमी सगळीकडे पोचते; सुटल्याची बातमी किती घरांत वाचली जाते?

न्यायालयाने काय म्हटले

२०२० चा मार्च-एप्रिल आपण विसरलेलो नाही. दिल्लीच्या मरकजला आलेल्या परदेशी पाहुण्यांमुळेच करोना पसरला, असे वाहिन्या दिवसरात्र सांगत होत्या. भाजीवाल्याचे नाव विचारून लोक भाजी घेऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातल्या प्रकरणात २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांतून या परदेशी लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. निकाल आला तेव्हा आपल्याला दिलासा मिळाला. मग मालद्याचा माणूस दारात उभा असताना तो निकाल आम्हाला का आठवला नाही?

घरात काय करावे

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत हुकूम आहे की, बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी तपासून घ्या. नाहीतर नकळत कोणावर तरी अन्याय कराल आणि मग पस्तावाल. आम्हाला तो पस्तावा झाला. म्हणून घरात काही गोष्टी ठरवल्या.

मथळा वाचून थांबायचे नाही. बातमी 'पकडले' म्हणते की 'सिद्ध झाले' म्हणते, हे मुलांनाही बघायला शिकवायचे. पडताळल्याशिवाय मोहल्ल्याच्या ग्रुपवर काही पुढे पाठवायचे नाही, मग ते आपल्या बाजूचे का असेना.

भाडेकरू कुठलाही असो, कागद सर्वांकडून सारखेच मागायचे आणि पोलीस ठाण्यात नोंद करायची. तपासणी हे पोलिसांचे काम आहे, ते भाषेवरून आपण करू नये.

स्वतःचे कागदही सांभाळावेत. आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असले म्हणजे नागरिकत्व सिद्ध होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन प्रकरणात म्हटले आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे जुने कागद एका फायलीत ठेवा. नावाच्या स्पेलिंगमधल्या चुका आत्ताच दुरुस्त करून घ्या.

ती खोली पुढे दुसऱ्या कुटुंबाला दिली. तो कारागीर याच कॅम्पात कुठेतरी जीन्स शिवत असेल. भेटला तर त्याची माफी मागायची, हेही घरात ठरले आहे.