विश्रांतिकाल, कारखान्यातील

कामाच्या पाळीत श्रमिकाला ठराविक वेळी मिळणारा विसाव्याचा अवधी. साचणाऱ्या शिणाचा वेळीच परिहार करणे व अनवधानाने होणारे अपघात टाळणे, हे त्याचे प्रयोजन होय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी केलेल्या मागण्यांत दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुटीचा अंतर्भाव होता. १८९१ च्या कारखाने अधिनियमाने ती मान्य केली. १९४८ च्या अधिनियमाने विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरविले.

सर्वांसाठी एकच भोंगा ही पद्धत मात्र सर्व उद्योगांना लागू पडत नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील उद्योगांच्या विविधतेवरून हे स्पष्ट होते. वाहनांच्या जुळणीत एक केंद्र थांबल्यास पुढील केंद्रांचे काम अडते. म्हणून तेथे सर्वांनी एकदम थांबणे सोयीचे असते. उपलब्ध वेळेस अपेक्षित नगसंख्येने भागले असता कामाची लय, म्हणजे टॅक्ट काल, मिळतो. उदा., ४८० मिनिटांच्या पाळीतून ३० मिनिटांचे मध्यंतर व चहाच्या १० मिनिटांच्या दोन सुट्या वजा जाता ४३० मिनिटे उरतात. ४३० वाहनांसाठी प्रत्येकी एक मिनिट पडते. त्याच लयीत ४८० वाहनांचे लक्ष्य ठेवल्यास तूट विश्रांतीतून भरून काढली जाण्याचा संभव असतो.

याउलट, पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्ससारख्या उद्योगातील किण्वनक्रिया अनेक दिवस अखंड चालते. अशा ठिकाणी बदली कामगार ठेवून आळीपाळीने विश्रांती द्यावी लागते. पॉवर प्रेसवर एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते व क्षणिक अनवधानाने बोटे तुटू शकतात. तेथे एकाच दीर्घ विश्रांतीपेक्षा शीण जाणवण्यापूर्वी दिलेल्या लहान विश्रांती अधिक हितकारक ठरतात. तथापि त्या यंत्राच्या संरक्षक कवचाला पर्याय नव्हेत.

संगणकावरील आरेखनासारख्या कामात व्यक्ती स्वतः घड्याळ लावू शकते. इटलीचे फ्रांचेस्को चिरिल्लो यांची २५ मिनिटे काम व ५ मिनिटे विश्रांती ही पोमोदोरो पद्धत प्रसिद्ध आहे. काम थांबविणे ज्याच्या हाती असते, त्यालाच ती उपयोगी पडते.

कोणत्याही पद्धतीत विश्रांतीचा नाममात्र व प्रत्यक्ष अवधी यांत भेद करणे आवश्यक असते. उपाहारगृहापर्यंत जाण्यायेण्यास सहा मिनिटे लागत असतील, तर १० मिनिटांच्या सुटीत विसावा चारच मिनिटांचा मिळतो. म्हणून पाणी, बैठक व स्वच्छतागृह कामाच्या जागेजवळ असणे, हा विश्रांतीच्या नियोजनाचाच भाग होय.